भरती झाली, बढतीचे काय?

शहापूर तालुक्याची ओळख मुंबईला पाणी पाजणारा तालुका अशी झाली आहे आणि ती खोटी नाही. तानसा नि भातसा ही नावे मुंबईकराला आपल्या नळाच्या तोटीइतकी जवळची आहेत. परंतु हा तालुका विजेचाही आहे, ही गोष्ट बाहेर सोडाच, खुद्द तालुक्यातही फारशी बोलली जात नाही. भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॅटचे वीजगृह आहे. सह्याद्रीच्या कड्याखाली चोंढे येथे, जमिनीच्या पोटात, घाटघर उदंचन प्रकल्पाचे वीजगृह २००८ पासून चालू आहे. १२५ मेगावॅटचे दोन संच, एकूण २५० मेगावॅट. विजेला मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातले पाणी घाटमाथ्यावर चढवावयाचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करावयाची, असे तेथले काम. शेजारच्या भिवंडी तालुक्यात पडघे येथे, चंद्रपूरहून ७५२ किलोमीटरचे अंतर तोडून, उच्च दाबाची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून येऊन पोहोचते. आणि आता इगतपुरी-शहापूरच्या बाजूला भावली येथे १५०० मेगावॅटचा नवा उदंचन प्रकल्प योजिला आहे.

म्हणजे आसनगावला गाडीतून उतरावे आणि एसटीने जाऊन यावे एवढ्या टापूत वीज निर्माण करण्याचे, साठविण्याचे, वाहून नेण्याचे आणि घरोघर पोहोचविण्याचे बहुतेक प्रकार पाहावयास मिळतात. या सगळ्या उद्योगात आसनगाव-शहापूर-मुरबाडकडच्या मुलींचे स्थान काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे. तो केवळ न्यायाचा प्रश्न नाही. ज्या तालुक्याने धरणांसाठी जमिनी दिल्या, त्या तालुक्यात त्या धरणांवर चालणाऱ्या यंत्रांची विद्या कोणाच्या हाती राहावयाची, असा तो अर्थकारणाचा प्रश्न आहे.

ऊर्जाक्षेत्रात स्त्रिया नाहीत, असे सरसकट म्हटले जाते. वस्तुतः हे अर्धसत्य आहे. डोक्यावर मोळी घेऊन पाड्यावरून निघालेली ठाकूर किंवा कातकरी बाई आणि खर्डी, आटगाव, आसनगाव या स्थानकांच्या आसपास विकली जाणारी ती मोळी, हे या भागात एके काळी नित्याचे दृश्य होते. गॅस आला तरी ते पुरते पुसले गेलेले नाही. लाकूड तोडणे, वाहणे, सुकविणे, विकणे हा इंधनाचाच व्यवसाय आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनीच चालविला. फरक एवढाच की त्याला कोणी ऊर्जाक्षेत्र म्हटले नाही, त्यात कोणाला शिक्षण मिळाले नाही आणि कोणाची बढती झाली नाही. पुढे शासनाच्या योजनांत स्त्री आली, ती चुलीपुढे बसलेली लाभार्थी म्हणून. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने तिच्या नावावर गॅसची जोडणी दिली, ही चांगली गोष्ट झाली. धूर गेला; पण ऊर्जेच्या धोरणात तिची जागा ग्राहकाचीच राहिली, कारागिराची वा अभियंत्याची झाली नाही.

नोकरीचे दार मात्र गेल्या दोन-तीन दशकांत किलकिले झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. १९९४ च्या महिला धोरणापासून महाराष्ट्रात शासकीय सेवांत स्त्रियांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आले आणि वीज कंपन्यांच्या भरतीतही ते लागू झाले. २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण नि महावितरण या कंपन्या झाल्या; महावितरणच्या विद्युत सहायकांच्या भरतीतून तारा-खांबांच्या कामावर मुली आल्या. करोनाच्या काळात बीड जिल्ह्यातील एका महिला तंत्रज्ञाचे खांबावर चढून बिघाड दुरुस्त करतानाचे चित्रण देशभर पाहिले गेले. शेजारच्या तेलंगणात २०१९ च्या जाहिरातीत लाइनमनच्या जागांना स्त्रिया पात्र नाहीत असे चक्क छापले होते. मुली न्यायालयात गेल्या, न्यायालयाने त्यांची खांबावर चढण्याची परीक्षा घ्यावयास लावली, आणि २०२२ मध्ये त्या राज्याला पहिली महिला लाइनमन मिळाली. (पदाचे नाव अजून लाइनमनच आहे, हे ओघाने आलेच.)

अपवादात्मक कर्तबगारीची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. ए. ललिता यांनी १९४३ मध्ये मद्रासजवळच्या गिंडी येथील महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. तरुण वयात वैधव्य आलेले, पदरी एक लहान मुलगी, अशा स्थितीत त्या कलकत्त्याच्या एका मोठ्या विद्युत कंपनीत काम करीत राहिल्या आणि भाक्रा-नांगलसारख्या प्रकल्पाच्या कामात त्यांचा हात लागला. त्यांच्याबरोबर शिकलेल्या पी. के. त्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. अशी नावे आपण महिला दिनाच्या भाषणांत घेतो आणि समाधान मानतो. पण अपवाद मोजून एखाद्या व्यवसायाची स्थिती कळत नसते. ती कळते सर्वसाधारण बुद्धीची, सर्वसाधारण घरातली मुलगी नोकरीला लागल्यावर दहा-पंधरा वर्षांनी कोठे पोहोचते, यावरून.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुरबाड किंवा शहापूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पुरा केलेले एक मुलगा नि एक मुलगी एकाच दिवशी एकाच कंपनीत लागले, असे समजू. गुण सारखे, पगार सारखा. साहेब भला माणूस आहे. तो मुलाला उपकेंद्रावर पाठवितो आणि मुलीला म्हणतो, ‘पोरी, तू कार्यालयात बस, बिलांच्या तक्रारी बघ, रात्रपाळीची कटकट नको.’ मुलीच्या घरच्यांनाही हायसे वाटते. कोणावर अन्याय झाला, असे त्या दिवशी कोणालाच वाटत नाही. दहा वर्षांनंतर मुलाने रोहित्रे जळताना पाहिलेली असतात, पावसाळ्यात पडलेल्या वाहिन्या उभ्या केलेल्या असतात, ब्रेकर उघडून जोडलेला असतो. मुलीने दहा वर्षे अर्जांवर शिक्के मारलेले असतात. आता वरिष्ठ तंत्रज्ञाची किंवा प्रधान तंत्रज्ञाची जबाबदारी द्यावयाची झाली, तर ती कोणाला मिळेल? आणि ज्येष्ठतेने मुलीला मिळालीच, तर हाताखालची माणसे तिचे म्हणणे किती ऐकतील? तेव्हा जो तो म्हणेल की ‘बाईंना क्षेत्राचा अनुभव नाही’. आणि ते खरेच असेल!

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये एका निबंधात, काम करता करता येणारे शिक्षण हे उत्पादनवाढीचे एक मोठे कारण असते, असा विचार मांडला होता. विमानाचा सांगाडा जितक्या वेळा बांधावा तितके पुढचा बांधावयास श्रम कमी लागतात, हे त्यातील प्रसिद्ध उदाहरण. याची दुसरी बाजू मात्र क्वचितच लक्षात घेतली जाते. शिक्षण जर करण्यातून येत असेल, तर ज्याला करू दिले नाही त्याला ते कधीच मिळणार नाही, मग त्याच्याजवळ प्रमाणपत्रे कितीही असोत. वीजक्षेत्रात तर अनुभव हेच भांडवल आहे. ते भांडवल पहिल्या पाच वर्षांत गोळा होते, आणि नेमके त्याच पाच वर्षांत मुलीला दयाबुद्धीने बाजूला बसविले जाते.

या दयाबुद्धीला कायद्याचाही आधार होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना सकाळी सहा ते सायंकाळी सात एवढ्याच वेळात काम करण्याची मुभा दिली होती. शासनाला थोडी सूट देता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाचपर्यंत तीही नाही. वीज निर्माण करणे, तिचा दाब बदलणे, ती वाहून नेणे हे सारे त्या कायद्याच्या व्याख्येत ‘उत्पादनप्रक्रिया’च होते. चोवीस तास चालणाऱ्या वीजगृहात जिला रात्रपाळी करता येत नाही, ती पाळीप्रमुख व्हावी कशी? खाणींचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामास बंदी केली, आणि खाण-व्यवस्थापकाच्या परवान्याला भूमिगत कामाचा अनुभव आवश्यक ठेवला गेला. दोन्ही नियम वेगवेगळे वाचले तर समंजस वाटतात. एकत्र वाचले की स्त्रीला व्यवस्थापक होण्याची वाट बंद झालेली दिसते. २०१९ मध्ये तांत्रिक, पर्यवेक्षकीय नि व्यवस्थापकीय कामांपुरती ही बंदी उठली, आणि २०२१ मध्ये झारखंडमध्ये भूमिगत कोळसा खाणीत काम करणारी कोल इंडियाची पहिली महिला खाण अभियंता रुजू झाली. कारखान्यांपुरते पाहिले तर व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने स्त्रीच्या संमतीने नि सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळीला वाट करून दिली; ही संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली.

कायद्याचा अडसर निघाला. तथापि, कायद्यातला अडसर निघतो त्याच दिवशी तो माणसांच्या मनातून आणि इमारतींच्या नकाशातून निघत नाही. आतल्या भागातील ३३/११ के.व्ही. उपकेंद्राची कल्पना करावी. एका पाळीला एक यंत्रचालक, भोवती कुंपण, पलीकडे माळ. स्त्रियांसाठी वेगळे स्वच्छतागृह नाही. रात्री पाळी संपवून घरी जावयाचे तर शेवटची एसटी केव्हाच गेलेली. अशा जागी मुलीला पाठवू नये असे साहेबाला वाटले, तर त्याला दोष देणे सोपे आहे. पण दोष साहेबाचा नाही, त्या उपकेंद्राच्या रचनेचा आहे. पुरुष यंत्रचालकालाही तेथे एकट्याने रात्र काढणे सुखाचे नाहीच. त्याने तक्रार केली नाही, म्हणून ती सोय झाली नाही.

हीच गत प्रशिक्षणाची. व्यावसायिक विकास म्हणजे नोकरीतल्या माणसाला नवे तंत्र शिकविणे आणि त्या शिक्षणाला वरच्या जागेशी जोडणे. वीज कंपन्यांची प्रशिक्षण केंद्रे आहेत, तेथे वर्ग चालतात, हे सर्व ठीक. पण असे वर्ग बहुधा निवासी असतात. सौर यंत्रणेचे तंत्रज्ञ घडविण्यासाठी केंद्र शासनाने २०१५ च्या सुमारास सुरू केलेला ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम घ्या: ६०० तासांचा, तीन महिन्यांचा, निवासी. विशीतल्या अविवाहित मुलाला यात काही अडचण नाही. वर्षाचे मूल असलेल्या बाईला तीन महिने सोडा, तीन आठवडेही घर सोडणे कठीण. तिने नकार दिला की नोंद होते, ‘संधी दिली होती, घेतली नाही’. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते स्त्रियांच्या कमाईच्या दोनशे वर्षांच्या अभ्यासासाठी. त्यांचा एक निष्कर्ष असा की स्त्री-पुरुषांच्या वेतनातील आजची तफावत मोठ्या प्रमाणावर एकाच व्यवसायातल्या माणसांमध्ये आहे आणि ती पहिल्या अपत्यानंतर रुंदावते. कारण जे काम वेळी-अवेळी हजर राहणाऱ्याला जास्त मोबदला देते, ते काम मूल सांभाळणाऱ्याला मागे टाकते. अमेरिकेवरून काढलेला हा निष्कर्ष आमच्या वीजगृहाला नि उपकेंद्राला तंतोतंत लागू पडावा, यात आश्चर्य नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेप असा की स्त्रियाच कार्यालयातली जागा मागून घेतात. होय, अनेकजणी घेतात. पण निवड ही नेहमी उपलब्ध पर्यायांतून होते. एका बाजूला पाळणाघराशेजारचे टेबल आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छतागृह नसलेले उपकेंद्र, अशी निवड ठेवून मग ‘बायकांना हेच आवडते’ असे म्हणणे म्हणजे दुष्काळात कोंडा खाणाऱ्याला कोंड्याची आवड आहे असे म्हणण्यासारखे आहे. दुसरा आक्षेप धोक्याचा. खांबावरचे काम जीवघेणे आहे, यात शंका नाही. पण ते पुरुषालाही जीवघेणेच आहे. वीजपुरवठा बंद असल्याची खात्री न करता, हातमोज्यांविना, पट्ट्याविना माणूस खांबावर चढविला जातो तेव्हा मरण स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. धोका कमी करणे हे कंपनीचे कर्तव्य आहे. धोक्याचे कारण सांगून निम्म्या समाजाला बाजूला ठेवणे हा त्याला पर्याय नव्हे.

आरक्षणाने सारे होईल, असे मानणाऱ्यांनी एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यावी. समांतर आरक्षणातील जागेला पात्र स्त्री उमेदवार न मिळाल्यास ती जागा त्याच प्रवर्गातील पुरुषाला जाते. म्हणजे वीजतंत्री किंवा तारतंत्रीच्या वर्गात मुली बसल्या नाहीत, तर ३० टक्के हा आकडा कागदावरच राहावयाचा. आणि मुलींचा ओढा शिवणकाम नि संगणकचालक या अभ्यासक्रमांकडे असतो, हे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पाऊल टाकलेल्या कोणालाही दिसते. त्यात भर म्हणजे वीज वितरणाच्या कामाचा मोठा भाग आज कंत्राटदारांकडून करून घेतला जातो. कंत्राटदाराला आरक्षणाचे बंधन नाही, प्रशिक्षणाची जबाबदारी नाही, बढतीची शिडी तर मुळीच नाही. सरकारी नोकरीची पुढली दारे स्त्रियांना उघडी होत असतानाच पाठीमागून ती नोकरीच कमी होत जावी, हा योगायोग फार महागात पडणारा आहे.

सौर ऊर्जेने हे चित्र पालटेल, असे सांगितले जाते. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत जगभर या क्षेत्रातील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण ३२ टक्के आढळले. तेल नि वायू उद्योगात ते २२ टक्के होते. पण त्याच पाहणीत कचेरीच्या कामात ४५ टक्के स्त्रिया, तर विज्ञान-तंत्रज्ञानाच्या कामांत २८ टक्केच. म्हणजे क्षेत्र नवे, उतरंड जुनी. भारतात छतावरील सौर यंत्रणांच्या व्यवसायात तर त्याच वर्षीच्या एका अभ्यासाने स्त्रियांचे प्रमाण अवघे ११ टक्के दाखविले.

तरीही आशादायक प्रयोग आहेत आणि त्यांतले काही आपल्याच राज्यातले आहेत. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात काम करू लागलेल्या प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना सौर दिवे नि सुधारित चुली विकणाऱ्या उद्योजिका बनविले. राजस्थानातील डूंगरपूर येथे पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने आदिवासी स्त्रियांनी सौर पॅनेल बनविणारी कंपनी उभी केली, आणि त्याच वाटेने वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातील कवठा (झोपडी) येथे बचतगटातील स्त्रियांनी सहकारी तत्त्वावर पॅनेलनिर्मिती सुरू केली. डूंगरपूरच्या आदिवासी बाईला जे जमले ते डोळखांबच्या बाईला जमू नये, असे काही कारण नाही. मात्र येथेही सावध राहिले पाहिजे. जोडणीच्या टेबलावर बसलेली बाई दहा वर्षांनी त्याच टेबलावर असेल, तर आपण मोळीच्या जागी पॅनेल दिले एवढेच. तिला पर्यवेक्षकाची परीक्षा देता येते का, वायरिंगचा परवाना मिळविता येतो का, छतावरचे काम स्वतःच्या नावावर घेता येते का, हे पाहावे लागेल. २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे उद्दिष्ट आहे. आसनगावच्या आसपास ज्या झपाट्याने इमारती उभ्या राहत आहेत, ते पाहता या परवान्याला येथेच पुष्कळ गिऱ्हाईक आहे.

मागावयाचे ते मोजके नि नेमके मागावे. नव्याने लागलेल्या प्रत्येक तंत्रज्ञाला, मुलगा असो वा मुलगी, पहिल्या पाच वर्षांत उपकेंद्र, वाहिनी, चाचणी नि कार्यालय असा ठरावीक फेरा झालाच पाहिजे, आणि हा फेरा साहेबाच्या मर्जीवर नव्हे, तर सेवानियमांवर अवलंबून असावा. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेमुळे हुकलेले प्रशिक्षण परत आल्यावर पुन्हा देण्याची तरतूद असावी. निवासी वर्गांचे तुकडे पाडून त्यातला पुस्तकी भाग शहापूर-मुरबाडच्या संस्थांत घेता येण्याजोगा आहे. एकट्या मुलीला रात्रपाळीस पाठविणे योग्य नसेल तर दोघींना पाठवावे. त्यासाठी एकाच उपकेंद्रावर दोन-तीन स्त्रियांच्या नेमणुका करणे हे केवळ बदल्यांच्या आदेशाचे काम आहे, त्याला पैसा लागत नाही. शिक्षकांनीही दहावीच्या निकालानंतर मुलींना वीजतंत्रीचा अर्ज भरावयास सांगावे. शिवणाच्या वर्गाची वाट त्यांना कोणी न सांगताही सापडते.

भावलीच्या प्रकल्पाचे काम पुढे सरकेल तसे स्थानिकांना रोजगाराचे आश्वासन दिले जाईल, ते नेहमीच दिले जाते. रोजगार म्हणजे खडी वाहणे नि पहारा करणे एवढाच अर्थ निघू नये, यासाठी तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींनी आतापासूनच १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील जागा किती, त्यांतल्या मुलींसाठी किती, आणि त्या जागा यंत्रगृहातल्या की कचेरीतल्या, हे लेखी मागून घ्यावे. आणि आणखी एक बारीकशी बाब. सुरक्षा-पट्टे, हातमोजे नि बूट यांच्या खरेदीच्या निविदा निघतात तेव्हा त्यांत मापांचा एक रकाना असतो. त्या रकान्यात स्त्रियांची मापे आहेत की नाहीत, एवढे जरी कोणी माहितीच्या अधिकारात विचारले, तरी खांबावर चढण्यासाठी घेतलेल्या मुलींना खांबावर पाठविण्याचा विचार खरोखर होता की नव्हता, याचे उत्तर मिळून जाईल.